चाक कोण फिरवत होतं

मंजुळाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं रेच्यानं तोडली, मी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यासारख्या माणसाला पहिल्यांदा आपला बचावच सुचतो. पण त्या दोन बोटांपायी पुढं जे झालं ते सगळं माझ्या हातचं आहे. माझी दहाच्या दहा बोटं अजून शाबूत आहेत.

धुळ्याच्या बाहेर बन्सीलाल शेठची जिनिंग होती. मी तिथं टाइमकीपर. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागायच्या आणि होळीनंतर मिल थंड पडायची. आत दोन्ही बाजूंनी रेचे मांडलेले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं. चामड्याचा रूळ फिरतो, त्याला घासून सुरी खालीवर होते, आणि समोर उभी असलेली बाई हातानं कापूस घालत राहते. रुई पुढं पडते, सरकी खाली. आवाज असा की शेजारच्या बाईशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे.

मंजुळाबाई तिसऱ्या रेच्यावर. चाळिशीची, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. नवरा लवकर गेलेला. तीन कोसांवरच्या गावाहून रोज चालत यायची. त्या गावातून मिलमध्ये येणारी ती एकटीच, बाकी बाया धुळ्यातल्या. घरी अडीच एकर कोरडवाहू, एक म्हैस आणि अभिमन नावाचा तरणाताठा मुलगा. त्या मुलाचं तिला कोण कौतुक! त्यानं त्या वर्षी स्वतःच्या कमाईतून कडबा कापायचं कुट्टी यंत्र आणलं तर ही बाई आठ दिवस मिलमध्ये दुसरं काही बोलली नाही.

मिलमध्ये तिचा एक रिवाज होता. सकाळी यंत्रांचे पट्टे सुरू व्हायच्या आधी ती रांगेतून फिरायची. कुणाचा पदर सुटलेला दिसला की स्वतः खोचायची. बांगड्या कोपराकडं सारून वर चिंधी बांधायला लावायची. एखादी नवी पोरगी लाजली तर सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी निघायची.

"पदर खोस वं माय! रेचा काय तुना मामा शे, दम धराले?"

बाया हसायच्या, पण खोचायच्या. दुसरा नियम असा, की रेचा अडकला तर आत हात घालायचा नाही. भटू फिटरला हाक मारायची, तो बांबूनं पट्टा सरकवायचा, रेचा थांबला की मग अडकलेलं काढायचं. याला वेळ लागतो म्हणून मुकादम कुरकुर करायचा. ती त्याला भीक घालायची नाही. नऊ वर्षांत त्या रांगेत कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याबद्दल तिला कुणी शाबासकी दिली नाही आणि तिनं मागितलीही नाही.

एकोणनव्वदच्या दिवाळीत शेठ मुंबईहून एक छापील अर्ज घेऊन आले. तिकडच्या कुठल्याशा संस्थेनं कारखान्यांसाठी आणि सरकारी कार्यशाळांसाठी सुरक्षिततेची योजना काढली होती. सक्ती नाही. ज्याला वाटेल त्यानं आपणहून भाग घ्यायचा, आमच्याकडं कामगार सुखरूप आहेत हे दाखवायचं. जिनिंगसाठी अट अशी, की हंगामाचे एकशेवीस दिवस एकही अपघात होता कामा नये. मग समिती येऊन बघणार, बायांशी बोलणार आणि पसंत पडलं तर फाटकावर लावायला हिरवा झेंडा देणार. झेंडा लागला की तीन वर्षं त्यांची माणसं फिरकणार नाहीत. तुमच्यावर विश्वास ठेवला, असा त्याचा अर्थ.

शेठला ते फार आवडलं. त्यांनी बायांना गोळा करून सांगितलं, "झेंडा आला तर रेच्यावरच्या बाराजणींना कायम करतो." हंगामी बायांना कायम करणं म्हणजे बारमाही काम. होळीनंतर दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची गरज नाही. बायांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला शेठनी सुरक्षा अधिकारी केलं. पगार तोच, पण टेबलाला काच आली आणि डोक्यावर पंखा.

त्या काचेनं माझं डोकं फिरवलं, खोटं कशाला बोलू. फाटकाजवळ मी मोठा काळा फळा लावला. त्यावर लिहिलं, 'अपघाताविना दिवस', आणि रोज सकाळी खडूनं आकडा बदलायचा. पस्तीस, छत्तीस, साठ. गावात कुणी भेटला तर मी आपणहून आकडा सांगायचो. समोरच्यानं विचारलेलं नसायचं. मंजुळाबाई येता-जाता फळ्याकडं बघून म्हणायची, "भाऊसाहेब, आज कितवा?" मी सांगायचो. त्या आकड्यात तिचा वाटा केवढा, हे माझ्या ध्यानातही यायचं नाही. मला वाटायचं, मी भिंतींवर लावलेल्या सूचनांच्या तक्त्यांचं हे फळ आहे.

सत्त्याण्णवाव्या दिवशी भटू फिटर मिलच्या मागच्या अंगाला जमिनीवर पिवळे पट्टे मारत होता. समिती येणार होती ना! चालायची वाट कुठली आणि यंत्राची जागा कुठली हे रंगवलेलं असावं, असं मी कुठंतरी वाचलं होतं. रंगारी बोलावायचा सोडून मी भटूलाच कामाला लावलं. दुपारी तीनच्या सुमारास तिसऱ्या रेच्यात ओल्या कापसाचा गोळा अडकला. मंजुळाबाईनं हाक मारली. शेजारच्या द्रौपदाबाईनं मला नंतर सांगितलं, तिनं चार वेळा हाक मारली. रूळ घासून धूर निघायला लागला. कापसाच्या ढिगाशेजारी धूर म्हणजे काय ते जिनिंगमधल्या माणसाला सांगायला नको. सगळी मिल पेटली असती. तिनं पदर पुन्हा एकदा नीट खोचला आणि हात घातला.

मी धावत गेलो तेव्हा ती खाली बसली होती. पांढऱ्या रुईवर लाल डाग पसरत होता. ती रडत नव्हती, भटूला शिव्या देत होती. आणि भटू हातात पिवळा ब्रश घेऊन उभा होता.

मिलच्या जीपमधून तिला धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं, सोबत द्रौपदाबाई. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही मुळापासून गेली होती. पट्टी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" आणि मी म्हणालो, "घरी. कुट्टी मशीनवर."

शेठनी मला असं सांगितलं नव्हतं. शेठ त्या दिवशी जळगावला होते, त्यांना फोनसुद्धा झाला नव्हता. माझ्याच तोंडून ते निघालं. सत्त्याण्णव दिवस, राहिलेले तेवीस, फळा, काच, पंखा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं आलं आणि तिनं आठ दिवस ज्याचं कौतुक केलं होतं ते कुट्टी यंत्र मला आठवलं. दुसरं काही आठवायला हवं होतं. जिना, विळा, काहीही.

मंजुळाबाईनं माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात द्रौपदाबाई तिच्या कानाशी लागली.

"अक्का, बारा जनीसना सवाल शे. तू बोलनी ते बठ्ठं गयं समज."

मंजुळाबाईनं पट्टी बांधलेला हात वर धरला. मग मला म्हणाली, "भाऊसाहेब, उजवा हात शे."

"हो, तेच लिहितोय. उजवा हात."

"तुमले समजस नई," ती म्हणाली. आणि डोळे मिटून घेतले. "लिखा. बाकीन्या बाया तं कायम व्हतीन."

मला खरंच समजलं नाही. मी धुळ्यातल्या मास्तराचा मुलगा. कुट्टी यंत्र मी रस्त्यावरून जाताना पाहिलेलं, त्याला हात कधी लावला नव्हता. मी रजेच्या कागदावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'घरी कडबा कापताना उजव्या हातास दुखापत.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर अठ्ठ्याण्णव लिहिलं. खडू मोडला, तो उचलून पुन्हा लिहिलं.

शेठनाही मी कुट्टीचंच सांगितलं, आणि बाराजणींपायी मिलमधल्या कुणीही त्यांना खरं सांगितलं नाही. समिती आली तेव्हा मंजुळाबाई हजर होती. तिला घरीच ठेवा, असं मी म्हणालो होतो. पण हजेरीपटावर नाव होतं आणि समितीला सगळ्या बायांशी बोलायचं होतं. तिघेजण होते. त्यातले एक म्हातारे इंजिनिअर, मोठ्या चष्म्याचे, बोलायला फार गोड. त्यांनी पिवळे पट्टे पाहिले आणि मला शाबासकी दिली. मग रांगेपुढून जाताना पदराखाली झाकलेला हात त्यांना दिसला.

"बाई, हाताला काय झालं?"

"कुट्टीमा गयात बोटं. घर."

"अरेरे." ते पुढं निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. "आमच्या घरीही कुट्टी होती, मी शेतकऱ्याचाच मुलगा. एकटा माणूस उजव्या हातानं चाक फिरवतो आणि डाव्यानं चारा घालतो. तुमचा उजवा कसा सापडला? चाक कोण फिरवत होतं?"

तेव्हा मला समजलं. दवाखान्यात तिनं मला काय सांगितलं होतं ते त्या क्षणी, सगळ्यांच्या देखत, समजलं. उजवा हात आत जायचा तर चाकावर दुसऱ्या कुणाचा तरी हात हवा. मी कोपऱ्यात उभा होतो. पुढं होऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी कोपऱ्यातच राहिलो.

मंजुळाबाईनं बायांकडं पाहिलं. मग खाली पाहून म्हणाली, "मना आंडोर. अभिमन. तो फिराई राहिंता."

"मुलगा?" म्हातारे हळहळले. "त्याला जरा जपून काम करायला सांगा, बाई." आणि त्यांनी वहीत टिपून घेतलं.

एप्रिलमध्ये झेंडा आला. शेठनी पेढे वाटले. बाराऐवजी अकराजणी कायम झाल्या, कारण तीन बोटांनी रेचा चालत नाही, आणि घरी झालेल्या दुखापतीला मिल काय करणार? हे शेठ म्हणाले आणि मी मान डोलावली. मंजुळाबाई पुढच्या हंगामात सरकी झाडायला आली. नंतर यायची बंद झाली.

गावात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. शब्द पाळायचा म्हणून मंजुळाबाईनं गावातही कुट्टीचंच सांगितलं होतं, आणि तिच्या गावच्या लोकांना कुट्टी माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. त्यांना कुणी विचारायचीही गरज नव्हती. उजवा हात म्हटल्यावर चाकावर मुलगा, हे बांधाबांधावर ठरून गेलं. आधी हळहळ, मग चेष्टा, मग नाव पडलं. आईची बोटं कापणारा. कुणी म्हणे दारू प्यायला होता, कुणी म्हणे भांडण झालं होतं. तो कुट्टी फिरवायला लागला की शेजारचा माणूस चारा घालायला पुढं येईना.

एक्याण्णवच्या चैत्रात अभिमन मिलच्या फाटकावर आला. मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं. आईसारखाच किडकिडीत, पण आवाज अगदी बारीक. वर झेंडा फडफडत होता आणि त्याखाली आम्ही दोघं उभे.

"भाऊसाहेब, पाचोराकडली सोयरीक व्हती. त्या लोक मांगे फिरनात. म्हनतस, जो मायना हात तोडस तो बायकोनं काय करी."

मी वर झेंड्याकडं पाहिलं.

"माले एक चिठ्ठी द्या. बोटं मिलमा गयात, बस इतलंच लिखा. फक्त त्यासले दखाडसू आनि परत आनी देसू. तुमना झेंडाले काही व्हवाव नई."

"आईनं पाठवलं का?"

"मायले माहीत नई. ती म्हनस, सबद दिना शे."

मी म्हणालो, "शेठना विचारतो." तो तीन वेळा आला. तिन्ही वेळा मी हेच म्हणालो. शेठना मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यांनी हो म्हटलं असतं, माणूस तसा वाईट नव्हता. पण विचारायचं म्हणजे लिहिलेलं खोटं होतं हे आधी कबूल करायचं. झेंड्याची तीन वर्षं चालू होती. आणि कारणं काय, शोधली की सापडतात. चौथ्यांदा अभिमन आला नाही.

सत्त्याण्णव साली मी निवृत्त झालो. हार घातला, नारळ दिला. भाषणात शेठचा मुलगा म्हणाला, "यांच्या काळात आपल्या मिलमध्ये एकही अपघात झाला नाही." टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत द्रौपदाबाई बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही आणि माझ्याकडं बघितलंही नाही. कार्यक्रम संपल्यावर फाटकाशी भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "अक्का गयी भाऊसाहेब. पोयाना दिन." म्हणजे त्याच वर्षी पोळ्याला मंजुळाबाई गेली होती आणि मला पत्ताही नव्हता.

त्या रात्रीची माझी झोप कशी गेली याचं रडगाणं गात नाही, कुणी ते ऐकून घ्यावं अशी माझी लायकी नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात गेलो, मुद्रांकाचा कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. तारीख, वेळ, तिसरा रेचा, भटूला रंगकामाला कुणी लावलं, कुट्टीची गोष्ट कुणी रचली. खाली सही केली. तो कागद खिशात घालून तिच्या गावी चालत गेलो. एसटी होती, पण ती रोज चालत यायची म्हणून मीही चाललो. असल्या गोष्टींनी काही फिटत नाही हे मला ठाऊक आहे.

अभिमन घराच्या मागं कुट्टीजवळ होता. तिशी ओलांडलेली, कानशिलं पांढरी. घरात दुसरं माणूस दिसलं नाही. उजव्या हातानं चाक फिरवत होता आणि डाव्या हातानं कडबा आत सारत होता. म्हाताऱ्या इंजिनिअरनं सांगितलं होतं अगदी तसं. त्यानं मला ओळखलं. बाज टाकली, पाणी दिलं.

मी कागद पुढं केला. म्हणालो, "हा घे. चावडीवर वाच, पाचोऱ्याला ने, कुठंही ने. मी स्वतः येतो आणि चार लोकांत सांगतो. चूक माझी होती, अभिमन. माझी एकट्याची."

त्यानं सगळा कागद वाचला. सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. वाचून झाल्यावर मला वाटलं, आता हा माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

"गाव काय म्हनी, भाऊसाहेब?" तो म्हणाला. "माय खोटं बोलनी म्हनी. पोटना पोऱ्यावर आळ लिना म्हनी. आते ती उत्तर द्याले शे का?"

"पण खरं तर—"

"खरं माले माहीत शे. मायले माहीत व्हतं. मरानी टाइमले तिनी मना हात धरा आनि माफी मांगी. मनी माय, मनी माफी!" त्याचा बारीक आवाज फाटला. त्यानं कागदाच्या पुन्हा होत्या तशाच घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. "घ्या. परत आनी देसू म्हननू व्हतू ना मी."

मी तो कागद घेतला. काय करणार होतो? सहा वर्षांपूर्वी त्यानं एक चिठ्ठी मागितली तेव्हा ती त्याच्या उपयोगाची होती. आता ती फक्त माझ्या उपयोगाची होती, आणि माझं ओझं उचलायला तो काही बांधलेला नव्हता.

म्हैस हंबरायला लागली. अभिमन उठून कुट्टीकडं गेला. मला तिथून निघवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. मी त्याच्या मागोमाग गेलो, कडब्याची पेंढी उचलली आणि म्हणालो, "तू चाक फिरव. चारा मी घालतो."

तो एकदम मागं झाला. "नको, भाऊसाहेब."

"फिरव."

सात वर्षांत त्याच्यासमोर चारा घालायला कुणी उभं राहिलं नसावं. तो माझ्याकडं बघत राहिला. मग जवळ आला, माझा उजवा हात धरला, शर्टाच्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर घट्ट दुमडली. डावीही दुमडली. गळ्यातला माझा पंचा काढून खुंटीवर टाकला. रांगेतून फिरणारी ती बाई मला डोळ्यांसमोर दिसली.

"बोटं मांगे ठेवा," तो म्हणाला, आणि चाकाला हात लावला. तो इतकं हळू फिरवत होता की कडबा धड कापलाही जात नव्हता.